‘तुला लहानपणी झाल्या होत्या ना?’

दोन हजार रुपयांची लस ‘पुढच्या महिन्यात बघू’ म्हणत टाळली. मग पुणे-मेहकर ट्रॅव्हल्समधून माझ्यासोबत आणखी कुणीतरी विनातिकीट गावी आलं...

मैत्रिणीचा फोन आला तेव्हा मी कोथरूडच्या एका कॅफेत लॅपटॉप उघडून बसले होते. रविवारच्या ब्रंचवर आठशे शब्द द्यायचे होते आणि डेडलाइन डोक्यावर होती.

‘‘ऐक ना, पिल्लूला कांजण्या झाल्यात. परवा तू दिवसभर त्याच्यासोबत लोळत होतीस. तुला लहानपणी झाल्या होत्या ना?’’

‘‘झाल्या असतील गं. सगळ्यांनाच होतात.’’

‘‘असतील काय? आईला विचार. आमचे डॉक्टर म्हणाले, झाल्या नसतील तर तीन दिवसांत लस घेतलेली बरी. फार तर पाच. दोन हजारांच्या आसपास आहे. मग महिनाभराने दुसरा डोस.’’

फ्रीलान्सर माणसाचं महिन्याचं गणित तुम्हाला माहीत असेलच. दोन पेमेंट्स अडकलेली, घरभाडं तोंडावर, त्यात गावी जायचं म्हणजे तिकीट आणि वहिनीला साडी. दोन डोसचे चार हजार कुठून काढायचे? ‘बघते’ म्हटलं आणि फोन ठेवला. आईला फोन करायचाही राहिला. खोटं कशाला बोलू, त्याच संध्याकाळी पिझ्झा आणि पिक्चरवर मी बाराशे रुपये उडवले. तेव्हा काही गणित आडवं आलं नाही!

पिल्लूला म्हणे कांजण्यांचा एक डोस मिळाला होता, दुसरा राहून गेला होता. अंगावर मोजून वीस-पंचवीस पुटकुळ्या, तिसऱ्या दिवशी स्वारी सोफ्यावरून उड्या मारत होती. मी मनात म्हटलं, एवढंच असतं तर कशाला टेन्शन घ्यायचं?

ही गोष्ट २०२५ च्या मार्चमधली.

हिरव्या बांगड्या आणि तीन फोड

दोन आठवड्यांनी शुक्रवारी रात्री मेहकरच्या ट्रॅव्हल्समध्ये बसले. आमचं गाव मेहकरपासून जवळच, बुलडाणा जिल्ह्यात. ‘बुलडाणा म्हणजे नेमकं कुठे?’ असं पुण्यात कुणी विचारलं, की मी शेगाव, लोणार आणि सिंदखेडराजा एका दमात सांगते, मग लोकांची ट्यूब पेटते. वहिनीला सातवा महिना लागला होता आणि शनिवारी तिचं डोहाळेजेवण होतं. बसमध्ये अंग जरा दुखत होतं. रात्रीचा प्रवास आहे, दुखणारच.

शनिवारी आमचं अंगण माणसांनी फुलून गेलं. मी वहिनीला हिरव्या बांगड्या भरल्या, पेढ्याचा घास भरवला, गालाला गाल लावून पन्नासेक सेल्फी काढले. पोटावर हात ठेवून भाच्याशी गप्पाही मारल्या. (भाचाच, हे माझं मी ठरवलं होतं.)

सोमवारी सकाळी अंघोळ करताना पोटावर तीन फोड दिसले. पाण्याच्या थेंबासारखे, भोवती लालसर. दुपारपर्यंत पाठ, मान, कपाळ... आणि ताप एकशे दोन.

आजीने एकदाच बघितलं आणि दोन्ही हात जोडले. ‘‘माय आली वं पोरीच्या अंगावर. आता कोणी तिले काही बोलू नका.’’

मग घराचा ताबा आजीने घेतला. माझी रवानगी मागच्या खोलीत. दाराला कडुलिंबाचे डहाळे. भाजीला फोडणी नाही, घरात मटण नाही, केसांत कंगवा नाही. मास कॉमची डिग्री घेतलेली मी, एरवी या सगळ्यावर दोन तास वाद घातला असता. पण आजीचं पुढचं वाक्य ऐकलं आणि गप्प झाले.

‘‘सूनबाईले त्या खोलीकडं फिरकू देऊ नका.’’

‘घरात कोणी गरोदर आहे का?’

मेहकरच्या डॉक्टरांनीही दुसरा प्रश्न तोच विचारला. पहिला होता, ‘फोड कधी आले?’ विषाणूविरोधी गोळ्या पहिल्या चोवीस तासांत सुरू केल्या तर जास्त उपयोग होतो, म्हणून. ॲस्पिरिन घ्यायची नाही, नखं कापायची, खाजवायचं नाही, धाप लागली तर लगेच यायचं. ‘‘लहान मुलं यातून हसत-खेळत बाहेर पडतात. मोठ्यांना जड जातं. न्यूमोनियासुद्धा होऊ शकतो.’’ आणि मग, ‘‘घरात कोणी गरोदर आहे का?’’

दादाने माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं.

डॉक्टरांनी शांतपणे समजावलं. कांजण्यांचा माणूस फोड दिसायच्या आधीच, एक-दोन दिवसांपासून, दुसऱ्यांना आजार देऊ शकतो. म्हणजे शनिवारच्या त्या पन्नास सेल्फींच्या वेळी मी पुरेपूर संसर्ग वाटत होते. हा विषाणू हवेतून पसरतो. घरात एकाला झाला आणि बाकीच्यांना आधी झालेला नसेल, तर दहातल्या नऊ जणांना होतो. गरोदर बाईला झाला, तर तिचा न्यूमोनिया जिवावर बेतू शकतो. बाळंतपणाच्या तोंडावर झाला, तर बाळालाही धोका. आणि लस? ती जिवंत पण कमजोर केलेल्या विषाणूची असते, गरोदरपणात देता येत नाही.

‘‘त्यांना लहानपणी झाल्या होत्या का? झाल्या असतील तर काळजी नाही.’’

पुन्हा तोच प्रश्न! वहिनीने माहेरी फोन लावला. तिची आई म्हणाली, भावाला झाल्या होत्या ते पक्कं आठवतं, हिचं काही आठवत नाही. काकूंना विचारलं, मावशीला विचारलं. लग्नात कुणी किती आहेर केला हे ज्या घरात वीस वर्षं तोंडपाठ असतं, तिथे लेकीला कांजण्या झाल्या होत्या का, हे कुणालाच सांगता येईना. आमच्या घरातही माझं उत्तर कुणाला ठाऊक होतं?

शेवटी वहिनीचं रक्त तपासायला पाठवलं. आधी झाल्या असतील तर रक्तात अँटिबॉडीज सापडतात. रिपोर्ट यायला दोन दिवस. नसतील तर तयार अँटिबॉडीजचं इंजेक्शन, दहा दिवसांच्या आत. ते महाग आणि आमच्याकडे सहज न मिळणारं. दादा औरंगाबाद, म्हणजे आताचं छत्रपती संभाजीनगर, आणि नागपूर, दोन्हीकडे फोन लावत बसला.

त्या दोन रात्री मला झोप नव्हती. खाजेने नाही, तसं म्हणता येणार नाही, अंगावर तीनशेच्या वर फोड होते. पण जास्त करून दुसऱ्याच गोष्टीने. भिंतीपलीकडे वहिनीच्या बांगड्या वाजल्या, की पोटात गोळा यायचा.

आजीच्या दंडावरची खूण

दुसऱ्या रात्री आजी उशाशी येऊन बसली. ‘‘मले काय होते? माह्या अंगावर येऊन गेली लहानपणीच.’’ तिच्या दंडावर एक गोल, सुरकुतलेला व्रण आहे. तो देवीच्या लसीचा. लहानपणी मी त्यावर बोट फिरवत झोपायचे. तुमच्याही आजीच्या हातावर असेल, बघा.

‘‘तवा देवी काढाले माणूस यायचा गावात,’’ आजी म्हणाली. ‘‘लेकरं लपायची पांदीत. मीबी लपली होती. बापानं धरून आणलं.’’ तिच्या वर्गातली एक मुलगी देवीने गेली. दुसरी वाचली, पण एक डोळा गेला.

देवी आणि कांजण्या, आपण दोन्ही ‘माते’च्या खात्यावर टाकतो, पण आजार वेगळे. देवी भयंकर. त्यावरची भारतातली पहिली लस १४ जून १८०२ रोजी मुंबईत तीन वर्षांच्या एका मुलीला टोचली गेली, ॲना डस्टहॉल तिचं नाव. तिथून देवी जायला पावणेदोनशे वर्षं लागली. १९७५ मध्ये देशातला शेवटचा रुग्ण सापडला आणि १९८० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जगातून देवी गेल्याचं जाहीर केलं. शेवटी शेवटी तर देवीचा रुग्ण दाखवा आणि एक हजार रुपये मिळवा, असं बक्षीस होतं! लोक धावत येऊन सांगायचे आणि बघायला जावं तर बहुतेकदा निघायच्या कांजण्या.

माझ्या डोक्यात आलं, आजीला ती लस फुकट मिळाली. दारात येऊन. पांदीत लपली तरी शोधून. आणि मला?

एका बापाची रात्र

पुढे बरी झाल्यावर मी हे सगळं शोधून वाचलं. कांजण्यांची लस शोधणारे जपानी डॉक्टर मिचिआकी ताकाहाशी. १९६४ मध्ये ते अमेरिकेत ह्यूस्टनला काम करत असताना त्यांच्या तीन वर्षांच्या मुलाला कांजण्या झाल्या, आणि त्याला श्वास घेता येईना. मुलगा वाचला, पण त्या बापाच्या डोक्यातून ती गोष्ट गेली नाही. जपानला परतल्यावर एका आजारी मुलाच्या फोडातला विषाणू घेऊन त्यांनी तो प्रयोगशाळेत वाढवत वाढवत कमजोर केला आणि १९७४ मध्ये लस जगापुढे मांडली. त्या मुलाचं आडनाव ओका, म्हणून विषाणूच्या या वाणाचं नावही ‘ओका’. जगभर कांजण्यांच्या बहुतेक लसी आजही त्याच ओकापासून बनतात.

अमेरिकेने १९९५ मध्ये ती सगळ्या मुलांना द्यायला सुरुवात केली. त्याआधी तिथे वर्षाला सुमारे ४० लाख लोकांना कांजण्या व्हायच्या, दहा हजारांवर लोक हॉस्पिटलमध्ये जायचे आणि १०० ते १५० दगावायचे. ‘साधा’ आजार म्हणतात तो हा! पहिल्या २५ वर्षांत लसीने तिथे अंदाजे ९ कोटी १० लाख आजारपणं आणि दोन हजारांच्या आसपास मृत्यू टाळले. मला सर्वांत भारी वाटलं ते हे, की एक वर्षाच्या आतल्या बाळांना ही लस देतच नाहीत, तरी त्यांच्यातल्याही कांजण्या घटल्या. कारण घरात आणणारंच कुणी उरलं नाही. दादा-ताईंनी टोचून घेतलं आणि पाळण्यातलं पिल्लू वाचलं.

मग सगळ्या देशांनी ती का नाही घेतली? इंग्लंडने तर कित्येक वर्षं नकार दिला. कारण ऐकून मी चाट पडले. नागीण! कांजण्या बऱ्या झाल्या तरी विषाणू शरीरातल्या नसांमध्ये दडून राहतो आणि म्हातारपणी, प्रतिकारशक्ती कमी झाली, की नागीण होऊन बाहेर येतो. माझ्या आजोबांच्या कमरेला नागीण झाली होती तेव्हा गेरू लावला होता, आणि ‘तोंड-शेपूट जुळली तर माणूस जातो’ म्हणून सगळे घाबरले होते. ती होती त्यांच्या लहानपणच्या कांजण्यांची उधारी! इंग्लंडच्या तज्ज्ञांना भीती अशी, की आसपासच्या लहानग्यांच्या कांजण्यांमुळे मोठ्यांच्या प्रतिकारशक्तीला अधूनमधून उजळणी मिळते. मुलांच्या कांजण्या बंद झाल्या तर मोठ्यांची नागीण वाढेल. अमेरिकेच्या इतक्या वर्षांच्या अनुभवात ही भीती काही खरी ठरली नाही आणि २०२६ च्या जानेवारीपासून इंग्लंडनेही मुलांना ही लस मोफत द्यायला सुरुवात केली.

अर्ध्या गावाची लस

आता आपल्याकडे. सरकारी लसीकरणात पोलिओ आहे, गोवर-रुबेला आहे, जुलाबाची रोटाव्हायरस आहे, न्यूमोनियाची आहे. कांजण्यांची नाही. बालरोगतज्ज्ञांची संघटना मुलाला पंधराव्या महिन्याच्या आसपास पहिला आणि नंतर दुसरा डोस द्यायला सांगते, पण तो प्रायव्हेटमध्ये, स्वतःच्या खिशातून. सरकारवर टीका करायला माझी बोटं शिवशिवत होती. पण गोवर कांजण्यांपेक्षा कितीतरी जास्त मुलं मारतो. २०२२ मध्ये मुंबईत गोवंडी भागात गोवराच्या साथीने काय केलं ते आपण पाहिलंय. पैसा मोजका असेल तर आधी गोवर, हे मला पटतं.

खरी गोम वेगळीच आहे. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, मुलांना ही लस द्यायची तर किमान ८० टक्क्यांपर्यंत पोहोचायची आणि तिथे टिकायची तयारी ठेवा. अर्धवट दिली तर विषाणू फिरणं थांबत नाही, फक्त रेंगाळतो. लस न मिळालेल्या मुलाला तो पाचव्या वर्षी न गाठता पंचविसाव्या वर्षी गाठतो. आणि पंचविसाव्या वर्षी तो जास्त छळतो. आपल्यासारख्या उष्ण देशांत तर कांजण्या मुळातच उशिरा होतात. लहानपणी राहून गेलेले माझ्यासारखे कितीतरी जण नोकरीला, हॉस्टेलला शहरात येतात आणि तिथे सापडतात. म्हणजे ज्याच्याकडे पैसे आहेत त्याने लस विकत घ्यायची, ज्याच्याकडे नाहीत त्याने नशिबावर सोडायचं, ही पद्धत चालू राहिली तर सर्वांत जास्त कोण भरडणार? हे गणित मला आकड्यांत कळलं होतं. माणसांत कळायला अजून आठवडा जायचा होता.

बारा दिवसांची मजुरी

बुधवारी संध्याकाळी रिपोर्ट आला. वहिनी माझ्या खोलीच्या दारापासून लांब, अंगणात उभी राहून ओरडली, ‘‘ताई, मला झाल्या होत्या म्हणे! अँटिबॉडीज भरपूर आहेत. कुणाला आठवतंच नव्हतं, बघा ना!’’ दादा तुळशीपाशी मटकन खाली बसला आणि लहान मुलासारखा रडला. मी आत रडले. आजीने देवीला दहीभात दाखवायचं बोलून टाकलं.

इथे ही गोष्ट संपली असती तर किती बरं झालं असतं.

पाडवा झाला. गुढीला बांधलेला कडुलिंब आणि माझ्या दाराचा कडुलिंब एकाच झाडाचा होता. माझ्या खपल्या धरल्या, मी पुन्हा माणसांत आले. त्याच सुमारास आई म्हणाली, डोहाळेजेवणाला पोळ्या लाटायला आलेल्या मावशींच्या मुलाच्या अंगावर माता आली. पोरगा चोवीस वर्षांचा. त्या दिवशी आमच्याकडे मांडव घालायला, पाणी भरायला आला होता. मीच त्याच्या हातात चहाचा कप दिला होता.

ऐन गहू काढणीचे दिवस. तो बारा दिवस खाटेवर होता, पहिले पाच तर तापाने फणफणलेला. मजुरी बुडाली. त्याची बायको त्याच्या शेजारी बसून राहिली, तिचीही बुडाली. मी लस न घेऊन वाचवलेले चार हजार आणि त्या घराने गमावलेले पैसे, हा हिशेब मी एकदाच मांडला. दुसऱ्यांदा मांडायची हिंमत झाली नाही.

मी त्यांच्या घरी गेले. पाकीट पुढे केलं आणि कसंबसं म्हटलं, ‘‘मावशी, माझ्यामुळे झालं हे.’’

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी काहीतरी वेड्यासारखं बोलले. ‘‘काहून असं बोलता, बाई? माय काय कोणाच्या हातात असते? तिच्या मनात आलं, ती आली.’’ पाकीट त्यांनी घेतलंच नाही. चहा केला.

कुणी मला शिव्या घातल्या असत्या तर परवडलं असतं. माझा सगळा निष्काळजीपणा त्या माउलीने देवीच्या नावावर लिहून टाकला होता आणि देवी बिचारी काही बोलत नव्हती.

त्याच वर्षी जानेवारीत शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड भागात लोकांचे अचानक केस गळायला लागले तेव्हा आमच्या जिल्ह्यात चॅनेलच्या गाड्यांची रांग लागली होती, दिल्लीहून पथकं आली होती. यायलाच हवी होती. पण कांजण्यांसाठी कॅमेरा येत नाही. बारा दिवस बुडालेली मजुरी कुठल्या ब्रेकिंग न्यूजमध्ये बसते? मी स्वतः पत्रकार आहे आणि या घटनेआधी मीही या विषयावर एक ओळ लिहिली नव्हती.

घरी एक फोन

भाचा जूनमध्ये झाला. (बघा, म्हटलं होतं ना!) मध्यंतरी वहिनीचा फोन आला. ‘‘ताई, बाळाच्या सरकारी कार्डावर कांजण्यांची लस दिसत नाही. अंगणवाडीतल्या मॅडमना विचारलं, त्या म्हणाल्या, ती बाहेरून घ्यावी लागते.’’ मी सांगितलं, त्याचे दोन्ही डोस आत्याकडून. मग जरा थांबून विचारलं, मावशींचा नातू केवढा झाला?

‘‘पावणेदोन वर्षांचा. का हो?’’

त्याचेही दोन डोस माझ्याकडून. मावशींनी पैसे घेतले नव्हते, पण नातवाला सुई टोचायला त्या ‘नाही’ म्हणाल्या नाहीत. मला माहितीय, दोन मुलांना लस दिल्याने ८० टक्के होत नाहीत. ते काम कुणा एका आत्याच्या पर्सचं नाही. ते आजीच्या काळासारखं, दारोदार जाऊन, पांदीत लपलेल्यालाही शोधून करायचं काम आहे. पण तोपर्यंत निदान मी तरी पांदीत लपायचं नाही, एवढं ठरवलंय.

तुम्हाला मी एकच काम सांगते. आज ऑफिसमधून निघताना घरी फोन करा आणि आईला विचारा, ‘मला लहानपणी कांजण्या झाल्या होत्या का?’ ‘हो’ म्हणाली आणि तुमचे फोड, तो ताप तिला नीट आठवत असेल, तर प्रश्न मिटला. ‘झाल्या असतील’ म्हणाली, तर डॉक्टरांकडे जा. रक्त तपासता येतं, आणि झाल्या नसतील तर मोठ्यांनाही महिना-दोन महिन्यांच्या अंतराने दोन डोस घेता येतात. दंड थोडा दुखतो, कधी कणकण येते. मूल होऊ द्यायचा विचार असेल तर आधी घ्या, आणि घेतल्यावर किती थांबायचं ते डॉक्टरांना विचारा.

मी त्या मार्चनंतर आईला विचारलं होतं, इतक्या वर्षांत तू कधी लिहून का नाही ठेवलंस? ती हसली. आता तिने देवघराच्या भिंतीवर, कॅलेंडरच्या शेजारी एक कागद चिकटवलाय. त्यावर घरातल्या सगळ्यांची नावं आहेत आणि पुढे कुणाला काय झालं, कुठली लस कधी झाली. माझ्या नावापुढे लिहिलंय, ‘कांजण्या, मार्च २०२५.’ सर्वांत खाली पेन्सिलने मावशींच्या नातवाचंही नाव आहे.